पेशंटजवळ बसले

"आणि?" कुंदानं विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दुपारची पाळी नुकतीच लागली होती, सकाळच्या मुली अजून निघाल्या नव्हत्या, आणि वॉर्डाच्या टोकाच्या आमच्या खोलीत चहाची किटली मधे ठेवून आम्ही सगळ्या दाटीवाटीनं बसलो होतो. कुंदा खिडकीच्या कट्ट्यावर मांडीवर कागद घेऊन लिहीत होती. इंजेक्शन, सलाईन, ताप बघणं, बीपी, ड्रेसिंग, लघवीची नळी, अंग पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं. सांगून सांगून आमचं संपलं होतं.

"आणि काय? झालं," मी म्हणाले.

"ताई, दिवसभर एवढंच करता तुम्ही? मग घरी जाताना पाय काहून दुखतात?"

सगळ्या हसल्या. कुंदा हसली नाही. तिनं पेनानं सुगंधाकडे बोट केलं. सकाळी ती खिडकीजवळच्या म्हातारीपाशी बसून होती, ते कशात धरायचं, असं तिनं विचारलं.

सुगंधा बशीतला चहा पीत होती. "ते काही काम होय का व? म्हातारी रडत होती, हात धरला. त्याचं बिल लावतेस का?"

"लिही, लिही," कोणीतरी म्हणालं. "हात धरणं, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर."

मग जो हशा झाला, त्यात शेवटी कुंदाही सामील झाली. तिनं पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि चहाचा कप उचलला. ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीतून येणारं ऊन, वाळत टाकलेले हातमोजे, फिनाइलचा वास, आणि हसून डोळे पुसणाऱ्या आम्ही सगळ्या.

हे परतवाड्याचं. तिथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली. मी तेव्हा बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज होते. लोखंडी खाटा, खाटांच्या डोक्याशी पांढऱ्या रंगानं काढलेले नंबर, आणि मागं खिडकीतून दिसणारे मेळघाटाचे निळसर डोंगर. अर्धे पेशंट त्या डोंगरातून यायचे. माझे गुडघे आता खोलीतल्या खोलीत फिरू देत नाहीत, पण डोळे मिटले की त्या वॉर्डात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून येते, आणि कोणत्या खाटेची कोणती कडी सैल होती तेही आठवतं.

कुंदा खंडारे माझ्याच हाताखाली शिकली होती. हुशार म्हणजे इतकी, की डॉक्टर बोलायला लागायच्या आधी तिला कळायचं ते काय सांगणार आहेत. ड्यूटी संपली की गुजरी बाजारातल्या एका क्लासमध्ये जाऊन ती कॉम्प्युटर शिकली. कशाला, असं आम्ही विचारायचो, तर म्हणायची, बघा तुम्ही. आणि खरंच, ट्रस्टनं दवाखान्यात कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, नागपूरच्या कंपनीची दोन मुलं आली, तेव्हा त्यांना सांगणार कोण? ती मुलं चांगली होती, पण त्यांनी बेडपॅन फर्निचरच्या यादीत घातलं होतं. शेवटी कुंदाला वॉर्डातून काढून त्यांच्यासोबत बसवलं. वॉर्डात काय काय काम होतं ते तिनं सांगायचं आणि त्यांनी मशीनमध्ये उतरवायचं, अशी वाटणी झाली.

एकदा गेटवरून संत्री घेऊन आम्ही दोघी स्टँडकडे चाललो होतो, तेव्हा तिनं मला सगळं समजावून सांगितलं. नर्सिंग इन्फर्मेटिक्स हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाहेरच्या देशांत म्हणे नर्सिंगमधलाच तो एक वेगळा विषय आहे, त्याचं शिक्षण आहे, त्याची पदं आहेत. पेशंटचं काय काय केलं, कधी केलं, त्यानं काय झालं, हे सगळं नर्सनंच नोंदवायचं आणि नर्सनंच त्याचा अर्थ लावायचा. इथेही ट्रस्टच्या दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये तसं एक पद निघणार होतं. ते आपल्याला मिळावं, मग पुढची परीक्षा द्यावी, असं तिचं चाललं होतं.

मी तिला म्हटलं, "म्हणजे पेशंट सोडून मशीन सांभाळायचं."

तिनं संत्र्याची साल सोलता सोलता हात थांबवला.

"ताई, तुम्ही किती वर्षं दुपारच्या पाळीला तिसरी नर्स मागताय?"

"मेट्रन आल्या आणि गेल्या. मी मागतेच आहे."

"मिळाली?"

मी पिशवीतली संत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मागून मिळत नाही. दाखवावं लागतं. डॉक्टरांचं काम दिसतं, ऑपरेशनला दार असतं, वर लाल दिवा असतो. आपलं काम पाण्यासारखं आहे. केलं की जिरून जातं. एकदा ते सगळं मशीनमध्ये आलं ना, की साहेबांसमोर नुसतं ठेवायचं. मग नाही म्हणायला कोणाचं तोंड उघडणार नाही."

तिचा चेहरा असा झाला होता की मला हसता आलं नाही.

या तिसऱ्या नर्सची खरी गरज होती ती सुगंधाला. सुगंधा कासदेकर सेमाडोहच्या पलीकडच्या गावची, कोरकू. शिकून नर्स झालेली, तोंडानं तिखट, हातानं मऊ. ती कंत्राटावर होती. दरवर्षी कागदावर सही करायची आणि दरवर्षी तिला सांगायचे, पुढच्या वर्षी कायम करू. तिचा नवरा अपघातानंतर घरीच बसलेला, दोन मुली आश्रमशाळेत. दुपारच्या पाळीला तिसरी जागा निघाली असती तर तिला कायम केलं असतं. नसती निघाली, तर दुसरी जागा तरी टिकली असती, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आहे तेच जाईल, हे कोणाच्या मनातही नव्हतं.

कुंदानं तिला सांगितलं होतं, "तू फक्त रोज मनापासून टाक सगळं मशीनमध्ये. तुझी जागा मीच काढून देते."

"तू काढशील का मशीन काढील?" सुगंधा म्हणायची.

"दोघं मिळून."

मशीन आलं. एकच. आमच्या खोलीत, कोपऱ्यात, अंगावर फुलाफुलांचं कव्हर घालून. पहिल्या दिवशी मेट्रन डांगे मॅडमनी हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि नारळाचं पाणी की-बोर्डवर जाऊ नये म्हणून कुंदा मधे आडवी उभी राहिली.

कसं काम चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वॉर्ड लांबलचक, मशीन एका टोकाला. प्रत्येक इंजेक्शननंतर तिकडे पळत जायचं म्हटलं तर पळण्यातच पाळी संपायची. त्यातून त्या वर्षी लोडशेडिंग भयंकर होतं. ऐन दुपारी वीज जायची ती दिवेलागणीला यायची, आणि जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरला. मग मशीन काळं ठिक्कर.

पण आमची जुनी रीत होती. ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी असते ना, तिचे तुकडे फाडून आम्ही एप्रनच्या पदराला चिकटवायचो आणि त्यावर पेनानं लिहायचो. खाट सातला ताप, चौदाला इंजेक्शन दिलं, वीसची सलाईन बदलली, आणि पुढे घड्याळातली वेळ. पाळी संपत आली की वीज आलेली असायची. तेव्हा एकजण मशीनसमोर बसायची, बाकीच्या रांगेत उभ्या राहून आपापल्या एप्रनवरून वाचून दाखवायच्या, आणि ती भराभर टाकायची. वाचून झालेली पट्टी ओढून काढायची. शेवटी टेबलाखाली पट्ट्यांचा ढीग पडायचा, आयाबाई तो झाडताना आमच्या नावानं बोटं मोडायची.

मशीनमध्ये वेळ आपोआप पडायची. टाकलं तेव्हाची. खरी वेळ टाकायची सोय कुंदानं मुद्दाम मागून घेतली होती, पण त्यासाठी प्रत्येक ओळीला आणखी चार-पाच बटणं दाबावी लागायची. मागं रांग, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, घरी पोरं वाट बघताहेत. पहिले काही दिवस दाबली. मग सुटलं ते. काम तर टाकतोय ना, असं सगळ्यांना वाटायचं, मलाही. कुंदा तेव्हा दुसऱ्या वॉर्डात मशीन लावायच्या गडबडीत होती.

पावसाळा संपता संपता सुकलीबाई आली. वरच्या कुठल्याशा पाड्यातली, कोरकूशिवाय एक शब्द न कळणारी. अर्धं अंग गेलेलं. मुलानं बैलगाडीतून, मग जीपमधून आणली, आणि वीटभट्टीवर गेलो नाही तर उचल दिलेला मालक घरी येईल असं सांगून तो गेला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडायची. ताट आणलं की तोंड घट्ट मिटायची, गोळी दिली की थुंकून टाकायची. डॉक्टरांनी जेवणासाठी नाकातून नळी घालू म्हटलं.

सुगंधा दुपारी आली, स्टूल ओढून तिच्या उशाशी बसली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलायला लागली. बरंच बोलली. म्हातारीनं मान वळवली. मग दोन शब्द बोलली, मग बोलतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. त्या दुपारी तिनं वरण-भाताचे घास खाल्ले.

मी नंतर विचारलं, काय म्हणत होती.

"तिले वाटलं, मेल्यावर माणसं अशा पांढऱ्या घरात आणून ठेवतात," सुगंधा म्हणाली. "आपन मेलोच, मग जेवाचं काहून, असं म्हने."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मेली असतीस तर हे अळणी वरण कोनी दिलं असतं का तुले?"

तेव्हापासून रोज दुपारी तेच. सुगंधा येईपर्यंत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडायची. सुगंधा बसली की खायची, गोळ्या घ्यायची, चांगला हात हलवून काहीबाही सांगायची. तेवढ्या वेळात दुसरी मुलगी सगळा वॉर्ड सांभाळायची. दोघी होत्या म्हणून ते चालत होतं. आणि सुगंधाच्या एप्रनवर त्या दुपारची पट्टी एकच असायची. जेवण दिलं.

दिवाळी झाली. निमकर साहेबांनी आम्हाला बोलावलं. ते दवाखान्याचे व्यवस्थापक, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सभ्य. कधी आवाज चढवला नाही, उभ्या माणसाला आधी बसवायचे, चहा सांगायचे. त्या दिवशीही सांगितला. डांगे मॅडम, कुंदा आणि मी. ट्रस्टची मीटिंग त्याच आठवड्यात होती. कुंदा नवी साडी नेसली होती, मोरपंखी. जिन्यात ती मला म्हणाली होती की आज आपल्याला फक्त ऐकून घ्यायचंय, बोलायचं काम मशीन करेल.

साहेबांनी खिडकीचा पडदा ओढला आणि भिंतीवर चित्र पडलं. एक रेघ होती. डावीकडून सरळ सपाट निघाली होती, वॉर्डातल्या फरशीसारखी, आणि उजव्या टोकाला एकदम उभी चढून टेकडी झाली होती.

"ही बायकांच्या वॉर्डातली दुपारची पाळी," साहेब म्हणाले. "दोन सिस्टर. आता तुम्हीच बघा. दुपारभर जवळजवळ काही नाही. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं."

मी कुंदाकडे पाहिलं. ती त्या रेघेकडे बघत होती. तिला कळलं होतं. मला कळायला थोडा वेळ लागला.

"मी कोणाला दोष देत नाही," साहेब म्हणाले. "पण ट्रस्टींसमोर हे ठेवल्यावर ते विचारतील की दोन कशाला."

मग मी बोलले. सगळं सांगितलं. वीज जाते, मशीन लांब आहे, आम्ही चिकटपट्टीवर लिहून ठेवतो आणि शेवटी एकदम टाकतो. कामं दुपारभर चाललेली असतात, साहेब, ती फक्त शेवटी चढतात. मला वाटलं, झालं, उलगडा झाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे चारचं इंजेक्शन आठला लिहिलंय?"

"हो."

"मग ते चारला दिलं, हे कशावरून?"

मी खुर्चीत पुढे सरकले. डांगे मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

"उद्या कोणाच्या नातेवाइकानं केस केली, तर मी कोर्टात काय दाखवू, सिस्टर? चिकटपट्टी? ती तर तुम्ही टाकून देता." ते हळूच बोलत होते, माझ्यासाठी त्यांना वाईट वाटत असल्यासारखं. "तुम्ही म्हणता तसं असेल, तर तुमच्या वॉर्डातली प्रत्येक वेळ खोटी आहे. आणि तसं नसेल, तर दुपारी काम नाही. यातलं कोणतं लिहू मी?"

पंखा फिरत होता. चहावर साय धरली होती. माझ्या वॉर्डातल्या एकेका मुलीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एक बोलले तर नोकरी जाणार, दुसरं बोलले तर सगळ्याच खोट्या ठरणार.

साहेब कुंदाकडे वळले. "खंडारे सिस्टर, हे तुमचं काम. तुमच्या पदाचा विषयही त्याच मीटिंगमध्ये आहे. तुम्हीच सांगा. हे बरोबर आहे की चूक?"

कुंदा उठून उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती.

"चूक आहे, साहेब," ती म्हणाली. "वेळा चूक आहेत. आणि कामंही सगळी यात नाहीत."

"कोणती नाहीत?"

"आमच्या वॉर्डात एक कोरकू बाई आहे. ती कासदेकर सिस्टरशिवाय जेवत नाही. सिस्टर रोज तिच्याजवळ बसतात, तिच्या भाषेत बोलतात. ते यात नाही. नातेवाइकांना समजावणं नाही. रडणाऱ्या बाईचा हात धरणं नाही. निम्मी दुपार यात नाहीच."

साहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पण यादी तर तुम्हीच केली होती ना? मग ही कामं का नाही घातली?"

मला ती दुपार आठवली. चहाची किटली, आमचा हशा. दोन वेळा, जेवणानंतर. कुंदा मान वळवून माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिनं नाही पाहिलं.

"मला सुचलं नाही, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पडदा उघडला. उजेडात ती रेघ पुसट झाली, पण गेली नाही. मग ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, सिस्टर. पण माझ्यासमोर दुसरा आकडाच नाही. तुमच्याकडे असेल तर द्या."

आमच्याकडे नव्हता. होता तो केरात गेला होता.

मीटिंगमध्ये ठरलं ते असं. मशीन वॉर्डाच्या मधोमध आणायचं, त्याला बॅटरी द्यायची, आणि काम केल्याकेल्या नोंद करायची. दुपारच्या पाळीला एकच नर्स. कंत्राटाच्या मुलींना महिनाअखेरीस मोकळं करायचं. आणि मशीनच्या नोंदीत इतक्या चुका निघाल्या, म्हणून ते सांभाळायला कायमचं माणूस हवं, असंही ठरलं. ते पद कुंदाला मिळालं. खरं बोलली म्हणून मिळालं, असं साहेबांनी तिला मुद्दाम सांगितलं.

ती मला सांगायला आली तेव्हा मी चादरी मोजत होते. मी अभिनंदन म्हटलं नाही, तिनंही अपेक्षा केली नाही.

"नाही म्हणू का, ताई?" तिनं विचारलं.

"नाही म्हटल्यानं सुगंधा राहील का?"

"नाही."

"मग?"

"मी नाही घेतलं तर नागपूरचा मुलगा येईल. तो पुन्हा बेडपॅन फर्निचरमध्ये घालेल." ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

सुगंधानं रडारड केली नाही. ती म्हणाली की धारणीला एका डॉक्टरकडे जागा आहे, पगार अर्धा, पण घरून डबा येईल. तिच्या शेवटच्या दुपारी ती नेहमीसारखी आली, हात धुतले आणि स्टूल ओढून सुकलीबाईजवळ बसली. उद्यापासून येणार नाही हे तिनं म्हातारीला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोघी बराच वेळ बोलत होत्या. म्हातारी एकदा हसलीसुद्धा, तिच्या वाकड्या झालेल्या तोंडानं.

मशीन आता वॉर्डाच्या मधेच होतं. कुंदा त्याच्यासमोर बसून काहीतरी करत होती. मग तिनं सुगंधाला हाक मारली.

यादीत दोन नव्या ओळी आल्या होत्या. पेशंटजवळ बसले. पेशंटच्या भाषेत बोलले.

सुगंधानं वाकून वाचलं. कमरेवर हात ठेवून ती कुंदाकडे बघत राहिली.

"आता टाकलंस होय?"

कुंदा खाली बघत होती.

"बरं, टाकलंस तर टाकलंस. मग लाव ना माझ्या नावावर. फुकट कशाला जाऊ देतेस?"

कुंदानं लावलं. दोन्ही ओळींपुढे कासदेकर एस. असं नाव आलं, आणि वेळ आली. खरी वेळ, त्याच दुपारची. सुगंधानं ते बोटानं शिवून पाहिलं, एप्रनवरची एक कोरी चिकटपट्टी ओढून कुंदाच्या कपाळाला टिकलीसारखी लावली, आणि पिशवी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी मुलगी होती. चांगली मुलगी होती ती, कामाला चुकणारी नव्हती. ताट ठेवायची, मशीनपाशी जाऊन 'जेवण दिलं' लावायची, पुढच्या खाटेकडे पळायची. सुकलीबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. माझी पाळी सकाळची, पण मी थांबायला लागले. स्टूलावर बसायचे, हात धरायचे. ती माझ्याकडे बघायची, दाराकडे बघायची आणि डोळे मिटायची. मला तिची भाषा येत नव्हती. जेवणाच्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या, वेळेवर होत्या. ताट दिलं जात होतं. खाल्लं की नाही, ते कोणी विचारत नव्हतं. मग एके दिवशी तिचा मुलगा वीटभट्टीवरून आला, आईकडे पाहून दारातूनच म्हणाला, घरी नेतो. स्वतःच्या मर्जीनं नेत असल्याच्या कागदावर त्यानं अंगठा दिला. म्हातारीचं वजन इतकं उतरलं होतं की त्यानं तिला एकट्यानं उचलली. पुढे काही कळलं नाही. डोंगरातून निरोप येत नसत.

कुंदा शिकली. परीक्षा दिल्या, मोठ्या शहरांतल्या संमेलनांत जाऊन बोलून आली. नव्या मुलींना ती हा विषय शिकवायची तेव्हा मीही मागं बसून ऐकलंय. छान शिकवायची. वेळ खरी टाका, पोरींनो, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगायची. दर महिन्याला वॉर्डाच्या कामांचा तक्ता छापून यायचा, इंजेक्शनं इतकी, ड्रेसिंग इतकी. तळाशी त्या दोन ओळी असायच्या आणि त्यांच्यापुढे शून्य. कुंदा तो तक्ता माझ्या टेबलावर ठेवायची आणि त्यावर आम्ही कधी बोलायचो नाही. सुगंधाची दिवाळीची कार्डं दोन-तीन वर्षं आली, मग बंद झाली.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी दवाखान्यानं जुना प्रोग्राम काढून दुसऱ्या कंपनीचा घेतला. एके दुपारी मी कुंदाच्या खोलीत गेले. आता तिला वेगळी खोली होती, दारावर नाव होतं. कंपनीनं तिच्याकडे कागद पाठवला होता. जुन्या यादीतल्या ज्या कामांची वर्षानुवर्षं एकही नोंद झाली नाही ती नव्या यादीत घेत नाही, चालेल ना, म्हणून. खाली तिची सही हवी होती. कुंदा पेन हातात घेऊन बसली होती.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ती कोणती कामं ते वाचलं. चष्मा लावायची गरज पडली नाही.

"अगं, सांग त्यांना राहू द्या म्हणून," मी म्हटलं. "असू देत त्या दोन ओळी. त्यांचं काय जातं?"

"कोण बसणार आहे, ताई?"

खिडकीबाहेर दुपार होती. पलीकडे वॉर्डात ती एकटी मुलगी मशीनची ट्रॉली ढकलत या खाटेपासून त्या खाटेकडे जात होती, चाकांचा आवाज येत होता.

कुंदानं कागदावर त्या ओळींपुढच्या शून्यावर बोट ठेवलं.

"हा आकडा मात्र बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिनं सही केली.